मेला असं कोर्ट म्हणत नाही

नवनगर, हुबळी
१८ जून २०००

अक्का,

तुम्ही फोन ठेवल्यावरही मी रिसीव्हर कानाला लावून उभीच होते. आईंनी विचारलं, "कुणाचा होता ग?" मी म्हटलं, राँग नंबर. त्या म्हणाल्या, "राँग नंबरचं एवढा वेळ कुणी ऐकून घेत नाही." म्हणजे त्यांना कळलं.

"माझ्या भावाला पेपरात छापून मारलंस," असं तुम्ही म्हणालात. बेळगावच्या पेपरातली नोटीस तुमच्या मुकुलनं तुम्हाला वाचून दाखवली असणार. "गुरुप्रसाद यांस मयत ठरवून मिळावे" असं त्यात आहे. वाचून मीही पेपर उलटा घालून ठेवला. पण ते मराठी माझं नाही, वकिलांचंही नाही. कोर्टाच्या आवारात टाइपरायटर मांडून बसणाऱ्या कुणीतरी इंग्रजीवरून आपल्या मनाने ते केलंय. मूळ अर्जात शब्द आहे 'प्रिझ्यूम'. प्रिझ्यूम म्हणजे ठरवणं नव्हे, गृहीत धरणं. इंग्रजी शिकवून पोट भरते मी, एवढ्यापुरता तरी माझ्यावर विश्वास ठेवा.

आपले वकील शेषगिरी म्हणून आहेत, धारवाडला मालमड्डीत राहतात, तुमच्या अप्पांना ओळखायचे. मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं, ते वारले असं मी लिहून देणार नाही. ते म्हणाले, "कोण मागतंय? तो मेला असं आपण म्हणत नाही. कोर्टही म्हणणार नाही. सात वर्षं झाली, ज्यांना काहीतरी कळायला हवं होतं त्यांना काहीच कळलं नाही. तेव्हा तो नाही असं धरून चाला आणि अडलेली कामं होऊ द्या, एवढंच आपलं मागणं. उद्या तो दारात येऊन उभा राहिला तर निकालाचा कागद त्याच क्षणी रद्दी."

त्यांनी झालेलं सगळं क्रमाने लिहून मागितलंय. तेच इथे उतरवते. कुठे चुकलं असेल तर सांगा.

फेब्रुवारी त्र्याण्णवमधला रविवार. हे बांधकाम खात्यात नकाशे काढायचे, पण काही महिन्यांपासून पट्टी हातात धरून नुसते बसून असतात, असं त्यांचे साहेब घरी येऊन सांगून गेले होते. बोलणं जवळजवळ बंद. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. त्या दिवशी उप्पीट खाल्लं, आमच्या स्मृतीच्या वेणीची रिबीन बांधून दिली आणि म्हणाले, "हुबळी गावात जाऊन येतो." पायात घरातल्याच चपला. मी म्हटलं, येताना कोथिंबीर आणा. "बरं" म्हणाले.

तेवढंच. पुढचं तर तुम्ही माझ्याबरोबरच पाहिलंय. पोलीस, पेपरातला फोटो, मंत्रालयचा मठ, गोकर्ण. गदगच्या स्टेशनवर तो पाठमोरा माणूस दिसला तेव्हा तुम्ही पदर खोचून पळालात. त्यानं वळून पाहिलं आणि तो भलताच निघाला. यांच्यासाठी बांधून घेतलेली भाकरी तुम्ही त्यालाच दिलीत आणि तो खात असताना शेजारी बसून राहिलात. ते वकिलांना लिहिलं नाही. तुम्हाला लिहिलं.

अर्ज कशासाठी, ते विचारायच्या आधीच तुम्ही फोन ठेवलात. घर त्यांच्या नावावर आहे. कुठल्याही खिडकीवर गेलं की विचारतात, नवरा आहे की नाही? आहे म्हटलं तर सही आणा. नाही म्हटलं तर दाखला आणा. आहे आणि नाही यांच्या मधे उभं राहायला एकाही ऑफिसात जागा नाही. मी थकलेय, अक्का.

दुसरं काही कारण नाही. अर्ज देताना आमच्या शाळेतले वेंकटेश सर बरोबर आले होते, पण ते केवळ त्यांना धारवाडचं कोर्ट माहितीचं आहे म्हणून.

शालिनीचा नमस्कार.


नवनगर
९ ऑगस्ट २०००

अक्का,

तुमचं कार्ड नेमकं पंचमीच्या दिवशी मिळालं. आई तंबिटाचे लाडू वळत होत्या. त्यांनी हात पुसून आधी अक्षर पाहिलं, मग मला म्हणाल्या, वाच. मी वाचलं.

"गृहीत धरायला तो काय दारातलं पायपुसणं आहे? मला सगळ्यांनी जन्मभर गृहीतच धरलं, आता त्यालाही धरा."

आई आधी हसल्या. मग म्हणाल्या, "खरंच आहे तिचं. अप्पा गेले तेव्हा प्रसादला तिच्या ओटीत टाकून मी मोकळी झाले. तुला जमेल का, असं विचारलं नाही." तुम्हाला हे त्यांनी कधी सांगितलं नसेल, म्हणून लिहिते.

आणि मीही तेच केलं. नोटीस छापायच्या आधी तुम्हाला फोन करायला हवा होता. अक्का समजून घेतील, असं मनाशी धरून चालले. आपल्या भाषेत दोन्हीला एकच शब्द असावा, याचं मला कार्ड वाचल्यापासून नवल वाटतंय. माणसाची किंमत न ठेवणं तेही गृहीत धरणं, आणि पुरावा नसताना एखादी गोष्ट मानून पुढे जाणं तेही.

इंग्रजीत ते निराळं आहे, आणि त्यातही दोन आहेत. दहावीच्या वर्गात परवा हेच शिकवत होते. 'अझ्यूम' म्हणजे कारण असो नसो, मानून टाकणं. 'प्रिझ्यूम' म्हणजे मानायला काहीतरी आधार असणं, आणि उलट काही समोर आलं तर मानलेलं सोडून द्यायची तयारीही असणं. मी म्हटलं, वाक्य करा. एकानं लिहिलं, "मी गृहपाठ केला आहे असे मॅडमनी प्रिझ्यूम करावे." मी विचारलं, आधार काय? तो म्हणाला, "काल केला होता." सगळा वर्ग हसला. त्याला मी पूर्ण गुण दिले.

स्टाफरूममध्ये ही गोष्ट सांगितली तर वेंकटेश सर म्हणाले, आम्ही गणितात 'समजा' म्हणतो तेच की हे. समजा, क्ष म्हणजे अमुक. समजा म्हटल्याशिवाय उदाहरण पुढे सरकत नाही. मी म्हटलं, ते तुमचं अझ्यूम. तुम्ही क्षला वाटेल ते मानता, त्याची सात वर्षं वाट पाहत नाही. ते "बरोबर" म्हणाले. गणिताचा मास्तर बरोबर म्हणतो तेव्हा बरं वाटतं.

आता जे मागायला नको ते मागते. शेषगिरी वकील म्हणतात, माणूस जिवंत असता तर ज्यांना स्वाभाविकपणे कळलं असतं, त्यांची साक्ष लागते. माझी होईल. आईंना पायऱ्या चढवत नाहीत. ते कुणाला कळवणार असतील तर ते तुम्हालाच, हे जगाला ठाऊक आहे. तुम्ही यावं. या वेळी धरून चालत नाही, विचारते.

शालिनी


नवनगर
२४ नोव्हेंबर २०००

अक्का,

तुमचं उत्तर आलं नाही. परवा स्मृती मुकुलशी फोनवर बोलत होती. तो म्हणाला म्हणे, "आई साक्षीला येणार नाही. कोर्टात शपथेवर खोटं बोलायला जमणार नाही म्हणते." स्मृतीनं मला जसंच्या तसं सांगितलं.

तेव्हापासून मी या वाक्याशी झोंबतेय. खोटं म्हणजे काय खोटं? तुम्हाला कोर्ट एकच विचारणार, भावाकडून काही कळलं का. त्यावर "नाही" म्हणणं तुम्हाला खोटं वाटत असेल, तर त्याचा अर्थ एकच निघतो.

काहीतरी कळलंय.

तसं असेल तर ते कुठे आहेत हे मला सांगू नका. बरे आहेत, जेवतात, एवढं सांगा. मला कळवू नका असं त्यांनीच म्हटलं असेल, तर तेही मी समजू शकते. ते घरात असतानाच माझ्यापासून लांब गेले होते. मी अर्ज मागे घेईन. स्मृतीला काय सांगायचं ते माझं मी बघेन. आईंना मात्र खरं सांगा. त्यांचा तो हक्क आहे.

आणखी एक. दुसरं काही कारण नाही, असं मी जूनमध्ये लिहिलं होतं. दुसरं कारण आहे. वेंकटेश सरांनी मला मार्चमध्ये विचारलं. पेपर तपासत होते, मान वर न करता म्हणाले, "शालिनीबाई, तुम्ही मोकळ्या असता तर मी तुमच्या घरी बोलायला आलो असतो." त्यांची पत्नी वारून बरीच वर्षं झालीत, मूलबाळ नाही. मी म्हटलं, मला हो म्हणता येत नाही आणि नाही म्हणवत नाही. ते म्हणाले, मग निदान वकिलाला विचारू या.

घराच्या सह्या अडल्यात हे खरंच आहे. पण नुसत्या सह्यांसाठी मी तुमच्याशी वाकडं घेतलं नसतं.

म्हणून तुमचं उत्तर मला लवकर हवंय. हे जिवंत असतील तर मला त्या माणसाला आजच नाही म्हणायला पाहिजे. तोवर मी त्यांच्याशी बोलणं थांबवलंय. ते डबा घेऊन प्रयोगशाळेत जाऊन बसतात, मला अवघडायला नको म्हणून.

तुमचीच
शालिनी


नवनगर
२ डिसेंबर २०००

अक्का,

काल फोनवर मला धड बोलताच आलं नाही, तेव्हा लिहिते.

"शालिनी, खुळी आहेस काय तू?" असं तुम्ही ओरडलात ना, तेव्हा आई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, इतका मोठा आवाज होता. "त्याचं दोन ओळींचं कार्ड आलं असतं तरी पायात चप्पल न घालता तुझ्या दारात आले असते मी. तुझ्यापासून लपवीन?" आणि मग हळू आवाजात, "तो मेला असं माझ्या तोंडून वदवून घेतील ना ग. ते खोटं. मला तसं वाटतच नाही."

म्हणजे एवढंच होतं. मी वर्गात मुलांना सांगते, ऐकलेल्या वाक्यातून आपण जो अर्थ काढतो तो आपला असतो, बोलणाऱ्याचा असेलच असं नाही. आणि मीच मुकुलच्या एका वाक्यावरून तुमचा भाऊ कुठेतरी जेवायला बसलेला पाहून घेतला. गेला आठवडा मी कसा काढला ते मला माहीत.

फोन ठेवल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. लगेच लाज वाटली. त्यांचा पत्ता नाही, याचं मला बरं वाटावं? मग खुर्चीत बसले आणि हळूहळू लक्षात आलं, बरं त्याचं वाटत नव्हतं. तुम्ही माझ्यापासून काही लपवलेलं नव्हतं, त्याचं वाटत होतं. त्यांना मी सात वर्षांपूर्वी हरवून बसले. तुम्हाला हरवून बसायची पाळी या आठवड्यात आली होती.

सकाळी मालमड्डीला जाऊन आले. शेषगिरी वकिलांना सरळ विचारलं, साक्षीदाराला तो जिवंत आहे असंच वाटत असेल तर? त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "वाटू दे की. कोर्ट त्यांना काय वाटतं ते विचारत नाही, काय कळलं ते विचारतं. प्रिझ्यूम करायचं काम कोर्टाचं. ते साक्षीदाराच्या डोक्यावर कशाला?" कन्नडात त्याला 'भाविसोदु' म्हणतात म्हणाले. तसं मानणं. मानायचं ते कोर्टानं, तुम्ही नाही. तुम्ही फक्त जे आहे ते सांगायचं.

वेंकटेश सरांबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत. एवढंच विचारलंत, "आईला माहीत आहे का?" मला माहीत नव्हतं. म्हणून आज त्यांना विचारलं. त्या मेथी निवडत होत्या. म्हणाल्या, "त्या मास्तरला चहात साखर कमी लागते, हे मी कशाला ध्यानात ठेवलंय असं तुला वाटतं?"

तारीख अठरा जानेवारी आहे. येणार का?

शालिनी


नवनगर
२० जानेवारी २००१

अक्का,

साक्ष झाल्यावर तुम्ही चहासुद्धा न घेता मिरजेच्या गाडीला गेलात. कोर्टाच्या पायऱ्यांखाली थांबलेल्या आईंना फक्त गळ्याशी धरलंत आणि रिक्षात बसलात. मी थांबवलं नाही. तुम्हाला एकटं राहायचं होतं हे दिसत होतं. पण पिंजऱ्यात उभं असणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही असं म्हणतात, म्हणून मागच्या बाकावरून मला जे दिसलं ते तुम्हाला सांगते.

शेषगिरी वकिलांचे प्रश्न लवकर संपले. भाऊ कधी गेला, काही कळलं का, कुणाकडून निरोप आला का. तुम्ही नाही, नाही म्हणत गेलात. मग सरकारी वकील उठला. पोरगेला होता, पण त्याला त्याचं काम करणं भाग होतं. म्हणाला, "म्हणजे तुमचा भाऊ वारला, असं तुमचं म्हणणं?"

तुम्ही म्हणालात, "तसं मी म्हणत नाही."

वेंकटेश सर माझ्या मागच्या बाकावर होते. त्यांचा बाक करकरला.

"मग तुम्हाला काय वाटतं?"

"तो आहे, असं वाटतं."

सरकारी वकिलानं न्यायाधीश साहेबांकडे पाहिलं, झालं की काम म्हटल्यासारखं. शेषगिरी वकील उठणार होते, पण तुम्ही बोलायचं थांबलाच नव्हता. तुम्ही कन्नडात गेलात. कधी गेलात ते तुमच्या लक्षातही नसेल.

"लग्न होऊन मी मिरजेला गेले तेव्हा हा शाळेत होता," तुम्ही म्हणालात. "पहिल्या पंचमीला मला माहेरी न्यायला एकटा आला, बसचं तिकीट मुठीत चुरगाळून. तेव्हापासून कधी चुकला नाही. नोकरी लागली तरी आला, लग्न झालं तरी आला. एकदा अंगात ताप घेऊन आला आणि माझ्याच घरी चार दिवस झोपून राहिला, मीच त्याला उलट पोचवला. शेवटी शेवटी कुणाशी बोलत नव्हता, त्या वर्षीही आला. गाडीत धारवाडपर्यंत एक शब्द बोलला नाही, पण आला. त्र्याण्णवपासून एकाही पंचमीला आला नाही. दर वर्षी मी डबा भरून बसते. त्याला येता आलं असतं तर तो आला असता. येता येत नाही, एवढंच मला माहीत आहे. का येता येत नाही, ते मला माहीत नाही."

साहेबांचं पेन थांबलं होतं. लिहून घेणारा कारकून तुमच्याकडे बघत राहिला, त्याला साहेबांनी खूण केली तेव्हा तो लिहू लागला. सरकारी वकिलानं आणखी काही विचारलं नाही. "नो मोअर क्वेश्चन्स" म्हणाला, तेही अगदी हळू.

मग साहेब तुम्हाला म्हणाले, "निम्म नंबिकी निम्म हत्र इरली, अम्मा." तुमचा विश्वास तुमच्यापाशीच राहू दे. कोर्टाला तो काढून घ्यायचा नाही.

तुम्ही मान हलवलीत आणि कठडा धरून खाली उतरलात. माझ्याजवळून जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवलात. जूनपासून मी त्या हाताची वाट बघत होते.

बाहेर शेषगिरी वकील मला म्हणाले, "एवढ्या वर्षांत माझ्या बाजूनं इतकी चांगली साक्ष कुणी दिली नव्हती. आणि त्या बाईंना तर तो जिवंत वाटतो." तेही डोळे पुसत होते, चष्म्याचं निमित्त करून.

घरी पोचल्यावर आईंनी विचारलं, काय झालं? मी सगळं सांगितलं. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. पंचमीचा भाग दोनदा.

शालिनी


नवनगर
३० एप्रिल २००१

अक्का,

निकाल लागला. फोनवर तुम्हाला सांगितलं, पण लेखी हवं म्हणालात, म्हणून.

'प्रिझ्यूम्ड टु बी डेड.' तेवढेच शब्द. कोणत्या दिवशी, कुठे, कशाने, यातलं काहीच नाही. साहेबांनी लिहिलंय की बहिणीच्या साक्षीवर अविश्वास ठेवायला जागा नाही. मुकुलकडून वाचून घ्या. या वेळी मराठी मी स्वतः केलंय, सोबत जोडते.

शेषगिरी वकील स्वतः घरी आले होते. आईंनी त्यांना समोर बसवलं आणि विचारलं, "आता आम्ही दहावं-बारावं करायचं का?" वकील म्हणाले, "कोर्टाचं त्याबद्दल काही म्हणणं नाही, कृष्णाबाई. ते तुमचं."

"श्राद्ध?"

"तेही तुमचं."

"मग कोर्टानं नक्की काय केलं?"

वकिलांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हिला सोडवलं."

आईंनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "मग ठीक आहे. मी काही करणार नाही. मला तो अजून यायचाय." उठून आत गेल्या आणि वकिलांसाठी शिऱ्याचा रवा भाजायला घेतला. मला भीती होती त्या दिवशी घरात रडारड होईल. शिऱ्याचा वास सुटला, स्मृती शाळेतून आली, वकिलांनी दोनदा मागून घेतला.

दुसऱ्या लग्नासाठी पहिलं रीतसर सुटावं लागतं. तो वेगळा अर्ज, पण आता सोपा आहे म्हणतात. घाई नाही.

एक गोष्ट मी वेंकटेश सरांना विचारून घेतली. उणकलच्या तळ्यावर आम्ही तिघं गेलो होतो, स्मृती पुढे पळत होती. मी म्हटलं, उद्या ते परत आले तर? ते चालता चालता थांबले. मग म्हणाले, "आत बोलवायचं. जेवायला वाढायचं. माणूस किती दमून आलेला असेल. मग बसून बोलू, काय ते." मला याहून शहाणं उत्तर सुचलं नसतं.

तुमच्याकडे स्मृतीला मेमध्ये पाठवू का? ती म्हणते, अक्काआत्याकडे आंबे वेगळे असतात.

शालिनी


उणकल, हुबळी
१६ जून २००२

अक्का,

मुकुल एकटाच येतोय. त्याला रागावू नका, त्याचा काही दोष नाही. हे पत्र त्याच्याच हाती देतेय.

गेल्या महिन्यात आमच्या लग्नाच्या दिवशी रजिस्ट्रारच्या ऑफिसात तुम्ही स्वतःच म्हणालात, "शालिनी आता दुसऱ्या घरी जाणार, तर आईला मी मिरजेला नेते." मी मान हलवली. वेंकटेशनीही. त्यांना वाटलं तशीच रीत असेल, मला वाटलं तुमचा हक्क आहे. मुकुलला पाठवायचं ठरलं, आईंची ट्रंक भरली. सगळ्यांचं सगळं ठरलं. आई गप्प होत्या, आणि गप्प आहेत म्हणजे कबूल आहेत असं आम्ही सगळ्यांनी धरलं.

आज सकाळी नवनगरच्या घराला कुलूप लावलं. आमचं सामान कालच इकडे आलं होतं. आईंना एकच काळजी होती, तो आला आणि कुलूप बघून परत गेला तर? वेंकटेशनी परवाच पत्र्याची पाटी रंगवून फाटकाला लावली आहे. वर मराठीत, खाली कन्नडात, या घराचा पत्ता, बस कुठे उतरायची तेही. शेजारच्या पार्वतीबाईंकडे किल्ली ठेवली आहे. आईंनी फाटकापाशी उभं राहून पाटी दोन्ही भाषांत वाचून घेतली. 'उणकल'मधला ण बघून म्हणाल्या, "शुद्ध लिहिलंय."

मग मुकुल रिक्षा घेऊन आला. ट्रंक मागे ठेवली. आई बसल्या, मुकुल शेजारी बसला, रिक्षावाल्यानं विचारलं, "यल्लिगे?" मुकुल म्हणाला, स्टेशन. आई म्हणाल्या, "उणकल."

मुकुल म्हणाला, "आजी, गाडी चुकेल."

"तुझी चुकायला नको. तू स्टेशनवर उतर. मी पुढे जाते."

"पण ठरलंय ना."

"कुणी ठरवलं? मला कुणी विचारलं का?" अक्का, मी रिक्षाच्या दांडीला धरून उभी होते, मला तोंड वर करवेना. आई म्हणाल्या, "अनसूया माझी मुलगी आहे. तिच्याकडे मी पंचमीला जाईन, दिवाळीला जाईन, बोलावलं नाही तरी जाईन. पण या पोरीनं माझ्याबरोबर सगळ्या वाटा बघितल्या. ती घर बदलते म्हणून मी गाव कशाला बदलू?" मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुला चालेल का? आणि त्या मास्तरला?"

मी दांडी सोडून त्यांचा हात धरला. वेंकटेश पुढे झाले, मुकुलला हात धरून खाली उतरवलं, स्वतः आईंच्या शेजारी बसले आणि रिक्षावाल्याला म्हणाले, "उणकल. निधान होगप्पा, अम्मा इद्दारे." सावकाश जा, अम्मा आहेत. स्मृती दोघांच्या मधे जाऊन बसली. मी आणि मुकुल मागून बसने आलो.

आता दुपारचे दोन वाजलेत. मुकुल जेवलाय, चारच्या गाडीला निघेल. आई नव्या स्वयंपाकघरात डब्यांच्या जागा बदलतायत, मी लावलेल्या सगळ्या. वेंकटेशना त्यांनी दोनदा हाक मारून वरच्या फळीवर काय काय ठेवायला लावलं, आणि तेही ठेवतायत. तुम्हाला वाईट वाटेल हे मला कळतंय. पण तुम्ही रागावणार नाही असं मी धरून चालत नाही, म्हणून पत्राबरोबर स्वतः येऊन सांगायलाही तयार आहे. पुढच्या रविवारी आम्ही चौघं मिरजेला येतो. चालेल ना, ते फोनवर कळवा.

आत्ताच आईंनी बाहेर येऊन विचारलं, "अक्काला काय लिहितेस?" मी म्हटलं, तुम्ही आमच्याकडे राहताय म्हणून.

त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे राहतेय असं नको लिहू. माझं घर इथे आहे, असं लिही."

तसं लिहिलंय.

शालिनी